मागाच्या शेडमध्ये दोन एस-१९ बिटकॉइन मशीनं लावली, बोर्ड वितळला. चालू ठेवू का बंद करू?

धोटेवाला (इचलकरंजी)
१४ जून २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं आठ यंत्रमागांचं खातं, म्हणजे कारखाना. खर्चीवाले आम्ही, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि मजुरी आमची. गेल्या दिवाळीपासून चार माग बंदच होते, त्यातले दोन भंगारात घातले. शेडमध्ये जागा मोकळी, थ्री फेज आहेच, आणि आवाजाची तक्रार करायला शेजारी कोण नाही, कारण शेजारी पण मागच आहेत. भाचा पुण्यात आयटीत आहे. तो सुट्टीला आला, शेड बघून म्हणाला, मामा, इथं बिटकॉइनचं मायनिंग मशीन (सतत आकडेमोड करून बिटकॉइन कमावणारं) बसवा, मागाला माणूस लागतो, ह्याला लागत नाही. कामगार येत नाही म्हणून स्वतः रात्रपाळी काढणाऱ्या माणसाला असलं काही सांगू नये. डोक्यात बसलं ते बसलंच.

दोन अँटमायनर एस-१९ घेतली, जुनी, ९५ टेराहॅशची, म्हणजे सेकंदाला तेवढे लाख कोटी आकडे तपासणारी. दोन्हीचे मिळून एक लाख तीस हजार. २५ मेला चालू केली.

हिशोब असा धरला होता. एक मशीन ३२५० वॉट घेतं, दिवसाला ७८ युनिट, दोघांचे १५६. आमच्या प्लेन मागाला एक एचपीची मोटर, म्हणजे एक मशीन चार मागांची वीज ओढतं. पूलवर (सगळ्यांची मशीनं मिळून कमावतात आणि वाटून घेतात तिथं) रोज साडेनऊ हजार सातोशीच्या (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) आसपास जमा होतात, आजच्या भावानं साडेआठशे रुपये. मला युनिट पाचच्या आत पडतं. पाच धरले तरी ७८० जाऊन सत्तर-पंच्याहत्तर राहतात. लई नाहीत, पण बंद मागांकडून शून्यच येत होतं.

आता अडचण. परवा पहाटे तीनला अण्णा उठून शेडमध्ये गेले आणि मला हाक मारली. जळाल्याचा वास. अण्णांना मोटर जळाल्याचा, बेल्ट घासल्याचा, ऑइल तापल्याचा वास वेगवेगळा कळतो. म्हणाले, हा आपल्या मागाचा नाही. बघतो तर एका मशीनच्या दोन्ही वायरी ज्या एक्स्टेंशन बोर्डात घातल्या होत्या त्याच्या प्लगचं भिंतीतलं १६ अँपिअरचं सॉकेट चेपलेल्या मेणासारखं झालेलं. प्लग टॉप पकडीनं ओढून काढावा लागला. एमसीबी पडलाच नव्हता. माझं म्हणणं, १६ चं सॉकेट, लोड १४ अँपिअर, मग वितळलं कसं?

दुसरं, दुपारी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं तेव्हा मशीन बंद पडून पुन्हा पुन्हा चालू होतं. तिसरं, एका मशीनच्या आतला एक हॅशबोर्ड (आकडेमोड करणाऱ्या चिपची पाटी) दिसेनासा झालाय, तीनपैकी दोनच चालतात. उघडून पाहिलं तर आत हीटसिंकच्या (चिप थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) फटीत सुताची रुई नुसती गादीसारखी भरलेली. ती चूक माझी, पलीकडे चार माग चालू आणि इकडे मशीनला जाळी पण लावली नाही.

वायरिंग कसं करू, स्टॅबिलायझर घेऊ का, आणि मुळात हे चालू ठेवू का? अनुभवी माणसांनी सांगावं.


जुना_जीपीयूवाला (पुणे)
१५ जून, सकाळी ८:०५

दादा, स्वागत. सॉकेट वितळल्याशिवाय इथं कुणाला सदस्यत्व मिळत नाही.

२०२१ मध्ये फ्लॅटच्या बाल्कनीत मायनिंगसाठी सहा आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्डं लावली होती मी. कार्डाच्या जोडणीला (रायझरला) हार्डडिस्कच्या बारीक साटा वायरीतून वीज दिली आणि ती वायर जळाली, म्हणजे तुमचाच प्रकार, फक्त लहान. इथेरियम (बिटकॉइनसारखंच दुसरं नाणं) मायनिंग बंद होणार हे वर्षानुवर्षं सांगत होते, म्हणून कुणी ऐकत नव्हतं. १५ सप्टेंबर २०२२ ला ते खरंच बंद झालं. आदल्या दिवशी जे कार्ड पैसे देत होतं ते दुसऱ्या दिवशी बाल्कनी गरम करत होतं. सगळ्यांची कार्डं एकदम उरलेल्या दोन-चार नाण्यांवर तुटून पडली, तिथलंही उत्पन्न संपलं. मी कार्डं पोरांना गेम खेळायला विकली.

त्यातून शिकलो ते सांगतो. दिवसाचं उत्पन्न बघू नका, एका युनिटमागे किती रुपये परत येतात ते बघा. जगभरात मिळून दिवसाला १४४ ब्लॉक (बिटकॉइनच्या नोंदवहीची पानं, पान जुळवणाऱ्याला बक्षीस), ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन, म्हणजे रोज ४५० नवे. नेटवर्क, म्हणजे जगातली सगळी मशीनं मिळून, सध्या ढोबळमानानं ९०० एक्साहॅश (एक एक्सा म्हणजे दहा लाख टेरा). त्यात तुमचा ९५ टेराचा वाटा काढला की ४७५० सातोशी येतात, बिटकॉइन नव्वद लाखांना धरलं तर ४२७ रुपये. भागिले ७८ युनिट. साडेपाच रुपयेसुद्धा भरत नाहीत. एस-१९ हे यंत्र आज एका युनिटचे एवढेच परत देतं, मग ते तुमच्या शेडमध्ये असो की भूतानच्या धरणाखाली. भूतान सरकारला परवडतं कारण पाणी त्यांचं, टर्बाइन त्यांचं.

नवीन एस-२१ जवळजवळ तेवढ्याच विजेत, म्हणजे ३५०० वॉटमध्ये, २०० टेरा देतं. त्याचा तोच आकडा पावणेअकराच्या आसपास येतो. अशी नवी मशीनं जगात जितकी लागतील तितकी डिफिकल्टी (ब्लॉक मिळवण्याची अवघडता) चढणार, दर २०१६ ब्लॉकला, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी. २० एप्रिल २०२४ ला ब्लॉकचं बक्षीस ६.२५ बिटकॉइनवरून निम्मं झालं तेव्हाच जुन्या मशीनचे भाव पडले होते. तुम्हाला एवढ्यात मिळाली ती उगाच नाही.

एक शंका. इचलकरंजीत पाचच्या आत युनिट कशाला पडतं हो?


टाँगटेस्टर (मिरज)
१५ जून, दुपारी १:३०

वायरमन आहे, २२ वर्षं. आधी बोर्डाचं सांगतो, मग शेवटच्या शंकेकडे येतो.

१६ अँपिअरचं घरगुती सॉकेट गीझरसाठी असतं. गीझर पंधरा मिनिटं चालतो, कट होतो, सॉकेट थंड होतं. तुमचं मशीन १४ अँपिअर चोवीस तास ओढतं. त्यात दोन वायरी एका एक्स्टेंशन बोर्डात, बोर्डाचा एकच प्लग भिंतीत. आतली पट्टी थोडी जरी सैल असली तरी तिथं गरम होतं, गरम झालं की पट्टी आणखी सैल, कार्बन धरतो, आणखी गरम. एमसीबीला हे दिसत नाही, कारण करंट १४ च आहे. एमसीबी जास्त करंटला पडतो, लूज कॉन्टॅक्टला नाही. म्हणून वाचलात ते अण्णांच्या नाकामुळे.

व्होल्टेजचं पण ह्यातच आलं. वॉट तेवढेच लागत असतील आणि व्होल्टेज उतरलं तर करंट वाढतो. २३० ला १४ असेल तर २०० ला सव्वासोळा. ह्या मशीनचा पॉवर सप्लाय २०० ते २४० व्होल्टचाच आहे, त्याखाली तो सोडून देतो. आणि सोडतो ते बरं करतो.

करायचंच असेल तर प्रत्येक मशीनला मेन बोर्डापासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा २० चा सी-कर्व्ह एमसीबी, आणि निळा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट, ते ३२ चं घ्या. तिथून मशीनपाशी पीडीयू (जाड, अनेक सॉकेटची पट्टी), त्यात दोन्ही कॉर्ड. वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून घ्या, नुसती पिळून स्क्रूखाली घालू नका. दोन मशीन दोन वेगळ्या फेजवर टाका. पण दोन फेजमध्ये मशीन जोडू नका! ४१५ व्होल्ट जातील, सप्लाय फुटेल. हसू नका, हे केलेला माणूस मला माहीत आहे. न्यूट्रल जाड आणि घट्ट पाहिजे, कारण सिंगल फेजचा एवढा लोड असताना न्यूट्रल उडाला तर एका मशीनवर व्होल्टेज कुठल्या कुठं जाईल. अर्थिंगचा खड्डा मागांसाठी खणलेला असेल, त्याला शेवटचं पाणी कधी घातलं ते आठवा.

चालू केल्यावर तासाभरानं टाँग टेस्टर (वायरीभोवती धरून करंट मोजणारा चिमटा) लावून करंट बघा आणि प्रत्येक जोडाला हाताची पालथी बाजू जवळ नेऊन बघा. जवळ नेऊन म्हणतोय, लावून नाही.

स्टॅबिलायझर ५ केव्हीएचा एकेकाला लागेल. तो स्वतः पण थोडी वीज खातो, ती तुमच्या सत्तर रुपयांतून जाणार.

आता ते पाच रुपयांचं. यंत्रमागाचं कनेक्शन आहे ना? सत्तावीस एचपीच्या आतलं, सवलतीचं?


धोटेवाला
१५ जून, रात्री १०:१५

हो. लिहायचं टाळलं होतं, तुम्ही पकडलंत.

माझ्या मनात असं होतं की मीटर माझा, बिल मी भरतो, चोरी तर करत नाही. मंजूर लोडच्या पण आत आहे, दोन माग भंगारात गेले, दोन बंद, त्यांच्या जागी ही लावली एवढंच. अण्णांनी मात्र पहिल्या दिवशीच विचारलं होतं, हे कापड विणतंय का? मी म्हणालो, नाही, आकडे विणतंय. ते काही बोलले नाहीत. आज हे सगळं त्यांना वाचून दाखवलं तेव्हा पण बोलले नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघितलं.

काल रात्रीपासून दोन्ही बंद ठेवलीत.


टाँगटेस्टर
१५ जून, रात्री १०:५०

बंद केलंत ते ठीक. मीटरमधून वीज घेतली तरी ज्या कामासाठी कनेक्शन दिलं ते सोडून दुसऱ्याला वापरली की विद्युत कायदा २००३ चं कलम १२६ लागतं. वापर ज्या वर्गात बसतो त्याच्या दुप्पट दरानं आकारणी. कधीपासून चालू होतं ते ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरतात, तुमचे वीस दिवस असले तरी. कलम १३५ पण आहे, त्यात हाच प्रकार बेइमानीनं केला असं ठरलं तर चोरीत मोडतो, तिथं गुन्हा. सवलत सरकार कापडासाठी देतं, ती आकड्यांना लावली तर कोण सोडेल? आणि एकाच्या मीटरवर असलं सापडलं की गल्लीतल्या सगळ्या खात्यांची तपासणी होते, तेव्हा शेजारी आवाजाची सोडून दुसरी तक्रार करतील.

वेगळं कनेक्शन मागायचं तर अर्जात स्पष्ट लिहा की कशासाठी, आणि कोणता दर लागेल ते लेखी घ्या. व्यापारी धरला तर सगळं मिळून दहाच्या पुढं जाणार.


ताळेबंद (सोलापूर)
१६ जून, सकाळी ९:२०

मी सीए आहे. विजेचं वर येऊन गेलं, पण दादा, सवलतीच्या विजेवरसुद्धा तुमचे सत्तर रुपये राहत नव्हते.

१ एप्रिल २०२२ पासून आयकरात ११५बीबीएच हे कलम लागू झालं. क्रिप्टो विकून आलेल्या उत्पन्नावर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के सेस, मिळून ३१.२. त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा करता येते, बाकी कुठलाही खर्च नाही. तुम्ही नाणं विकत घेतलेलं नाही, मशीननं काढलंय, म्हणजे खरेदी किंमत शून्य. मायनिंगच्या यंत्रणेचा खर्च खरेदीची किंमत म्हणून चालणार नाही, हे अर्थ मंत्रालयानं मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितलेलं आहे.

आता तुमचा आकडा घ्या. ८५५ रुपयांवर ३१.२ टक्के म्हणजे २६७. उरले ५८८. वीज ७८०. रोज १९२ रुपये तोटा, आणि हा तोटा मागांच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. जुना_जीपीयूवाला यांचे साडेपाच रुपये कर गेल्यावर पावणेचारवर येतात. पावणेचार रुपयांत युनिट कुठे मिळत असेल तर सांगा, मीच लावते.

शिवाय एक्सचेंजवर विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, १ जुलै २०२२ पासून. तो नंतर जमा धरता येतो, पण रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. वीस दिवसांत जे जमा झालं त्याची पूलमधली नोंद डाउनलोड करून तारखेनुसार रुपयांत लिहून ठेवा. नंतर आठवत नाही.


बर्फातली_सातारकर (मॉन्ट्रियल)
१६ जून, सायंकाळी ७:४५

मी इथे एक एस-९ चालवते, ती जुनी तेरा टेरावाली. हसा खुशाल. पण फक्त ऑक्टोबर ते एप्रिल.

आमच्याकडे घर तापवायला भिंतीच्या तळाशी विजेचे हीटर असतात. बाहेर उणे वीस, आत ते दिवसरात्र चालू. आता १३०० वॉटचा हीटर घ्या किंवा १३०० वॉटचा मायनर घ्या, खोलीत उष्णता तेवढीच येते, सगळी वीज शेवटी उष्णताच होते. मायनर जे काही सातोशी देतो ते वर. वीजही स्वस्त, दिवसाच्या पहिल्या ४० युनिटला सात सेंटच्या आसपास, पुढे दहाच्या. ५० किलोवॉटच्या पुढे क्रिप्टोला वेगळा दर आहे, पण तो माझा प्रश्नच नाही. बेसमेंटमध्ये कपडे वाळवायच्या मशीनसाठी २४० व्होल्टचं सॉकेट होतंच, आधी तिथे इलेक्ट्रिशियनला आणून दाखवलं. फॅन बदलून मोठे, हळू फिरणारे लावले, नाहीतर खाली विमानतळ वाटायचा.

एप्रिलमध्ये बंद करते, कारण उन्हाळ्यात तीच उष्णता नकोशी होते. तुमच्याकडे बारा महिने नकोशीच आहे. दोन एस-१९ म्हणजे जवळजवळ दोन टनाच्या एसीला जेवढी उष्णता बाहेर काढावी लागते तेवढी, आणि पत्र्याखाली मे महिन्यात. चाळीस अंशांच्या वर हवा गेली की यंत्र तसंही कुरकुरतं.


धोटेवाला
१७ जून, दुपारी २:१०

ताई, तुमचं वाचून आई म्हणाली, साताऱ्याची पोर तिकडं कोळशाऐवजी मशीनवर शेकते होय.

ताळेबंद ताई, तुमचा हिशोब तीनदा केला. बरोबर आहे. आम्ही मजुरी ठरवताना पिकाला (विणताना एका आडव्या धाग्याला) किती पैसे, त्यातून वीज किती, सुताच्या कांड्या भरणारीला किती, एक-एक पैसा काढतो. आणि इथं मी भाच्याच्या एका वाक्यावर लाख तीस हजार घातले.

शेवटचं विचारतो. शेडवर सोलर लावलं तर? तेव्हा वीज कोणाची सवलतीची नाही, माझी.


टाँगटेस्टर
१७ जून, दुपारी ३:००

एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा. एका मशीनला ७८ युनिट, म्हणजे वीस किलोवॉट. एका मशीनला! साधारण दोन हजार चौरस फूट पत्रा लागेल. रात्रीसाठी बॅटरी म्हणाल तर शेड विकावी लागेल. नुसतं दिवसा चालवलं तर मशीन दोन तृतीयांश वेळ झोपलेलं, तोवर डिफिकल्टी पुढं गेलेली.

आणि वीस किलोवॉट लावलंच तर त्यावर माग चालवा की. पहिल्यासारखे आठ असते तरी आठच्या आठ चालले असते, आठ एचपी म्हणजे सहा किलोवॉट.


सातोशीचा_भाचा (पुणे)
१७ जून, रात्री ११:३०

मामा, मी तेव्हा विजेचा दर आठ रुपये धरून सुद्धा परवडतं असं म्हणालो होतो ते एस-२१ साठी. तुम्ही एस-१९ घेतलं, मला न विचारता. टॅक्स मी धरला नव्हता, ते मान्य. आईला सांगू नका.


धोटेवाला
१८ जून, सकाळी ६:५०

तुझी आई इथंच चहा पितेय.


धोटेवाला
२२ जुलै २०२५, रात्री ९:३०

बऱ्याच जणांनी विचारलं पुढं काय झालं, म्हणून लिहितो.

वीज ऑफिसात जाऊन आलो. वेगळ्या कनेक्शनचा अर्ज, कारण म्हणून लिहिलं बिटकॉइन मायनिंग. खिडकीवरच्या माणसानं वाचलं आणि विचारलं, खाण कुठं आहे, गट नंबर काय? मी म्हणालो, खाण शेडमध्येच आहे. मग दोघं हसलो, त्यांनी चहा मागवला. समजावून सांगितल्यावर त्यांनी जो दर सांगितला तो ऐकून अर्ज घडी करून परत खिशात घातला.

चांगलं मशीन ५२ हजाराला गेलं. घेणारा स्वतः मीटर घेऊन आला होता, तासभर चालवून बघितलं, बोर्ड तिन्ही हिरवे दिसले तेव्हा पैसे दिले. तो कुठं लावणार ते मी विचारलं नाही. दुसरं, रुई भरलेलं, अजून पडून आहे. ब्लोअरनं साफ केलं, तरी तो बोर्ड उठत नाही. जमा झालेले सातोशी विकले नाहीत, नोंद मात्र ताळेबंद ताईंनी सांगितल्याप्रमाणे वहीत तारखेनिशी लिहिली. मागाच्या वहीच्या मागच्या पानावर आहे, अण्णांनी त्याला मथळा दिलाय, "न विणलेले कापड".

वायर मात्र ओढून घेतली, टाँगटेस्टर भाऊंनी सांगितली तशीच, ४ ची, थिंबल दाबून, निळे सॉकेट. ती आता कांडी मशीनला दिली. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातलं, कोरडाठाक होता. बंदपैकी एक माग परत चालू केलाय, त्याला रात्री मीच उभा असतो.


जुना_जीपीयूवाला
२२ जुलै, रात्री ९:५५

दादा, बिघडलेल्या मशीनचा सप्लाय चांगला असेल तर सुटा देणार का? माझ्या मित्राचा १९० व्होल्टनं गेलाय.


धोटेवाला
२३ जुलै, सकाळी ७:१५

देतो. पण त्याला आधी वायरमनला बोलवायला सांगा. आणि कनेक्शन कुठलं आहे ते विचारा.